प्रतिष्ठानचे दर्शन

(वर्धापनोत्सवात पाठशाळेचे विद्यार्थी व भाविक ह्यांच्यासमोर झालेले व्याख्यान)



सज्जनहो, कोठीचा हा परिसर मुसी नदीच्या उत्तरेस वसला आहे. १९०८ च्या सप्टेंबरात ह्याच मुसीच्या महापुराने हैदराबादेत हाहाकार उडविला होता. आज तिच्या पात्रात स्नान करावे अशी स्थिती उरलेली नाही. म्हणून पर्वकाळ आला की येथील मराठी कुटुंबांचे मन गोदावरीकडे धाव घेते. जवळच्या काचीगुडा स्थानकावरून मनमाडकडे जाणारी गाडी धरावी. बासरपाशी गोदामाईचे पहिले दर्शन घडते. पुढे छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, येथे उतरून दक्षिणेस सुमारे ५० किलोमीटर गेले की पैठण येते. १९५६ पर्यंत कोठी व पैठण ही दोन्ही एकाच हैदराबाद राज्यात होती; तेव्हा ही यात्रा परक्या मुलखातील नव्हे.

आज पैठण हे तालुक्याचे लहानसे गाव आहे. परंतु एके काळी हेच प्रतिष्ठान सातवाहनांची राजधानी होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक प्रवासवर्णनात, भडोच बंदरापासून वीस दिवसांच्या वाटेवरील व्यापारपेठ म्हणून ह्या नगराचा निर्देश आहे; येथून मौल्यवान खडे गाड्यांत भरून भडोचला जात. हाल सातवाहनाच्या नावे असलेल्या प्राकृत गाथासंग्रहात गोदावरीचा काठ पुनःपुन्हा भेटतो. येथील विणकरांनी रेशीम व जर ह्यांतून सिद्ध केलेल्या पैठणीने गावाचे नाव घरोघरी नेले. कोरीव तीर्थखांब, मुनिसुव्रतनाथांचे जैन मंदिर व नागघाट ही स्थळेही यात्रेकरूने अवश्य पाहावीत.

नागघाटावर मात्र पाठशाळेच्या विद्यार्थ्याने थोडे अधिक थांबावे. संन्याशाची मुले म्हणून ज्यांना मुंजीचा अधिकार नाकारला गेला, ती चार भावंडे शुद्धिपत्रासाठी येथील ब्रह्मवृंदासमोर उभी राहिली, असे परंपरा सांगते. ज्ञानदेवांनी रेड्याच्या मुखाने वेद वदविले ती कथा ह्याच घाटाची. त्या सभेत विद्येची वाण नव्हती. वेदशास्त्रसंपन्न पंडित तेथे बसले होते. वाण होती ती दारी आलेल्या पोरक्या लेकरांना जवळ घेण्याची. ह्या भावंडांचे मूळ गाव आपेगाव पैठणपासून जवळच, गोदाकाठी आहे.

ह्याच गावी पुढे श्रीएकनाथ महाराज झाले. त्यांनी देवगिरीस जनार्दनस्वामींची सेवा केली, संस्कृत विद्या आत्मसात केली आणि ती लोकांच्या भाषेत आणली. भागवताच्या एकादश स्कंधावरील त्यांची मराठी टीका शके १४९५ मध्ये, म्हणजे इ. स. १५७३ साली, काशीस पूर्ण झाली. ग्रंथ प्राकृतात आहे म्हणून तेथील पंडितांनी प्रथम आक्षेप घेतला व अखेर त्याचाच गौरव केला, असे चरित्रकार सांगतात. नाथांची थोरवी मात्र केवळ ग्रंथात नाही. भर उन्हात गोदेच्या वाळवंटात एक अंत्यजाचे मूल रडत होते. स्नानसंध्या करणाऱ्या नाथांनी विटाळाचा विचार न करता ते कडेवर घेतले व त्याच्या आईकडे पोहोचविले. तीच नदी, तेच वेद. पण नागघाटावरील सभेला जे सुचले नाही, ते नाथांना सुचले.

नाथांच्या वाड्यात अद्याप तो रांजण आहे, ज्यात श्रीखंड्याच्या रूपाने भगवंतांनी पाणी भरले अशी श्रद्धा आहे. तुकाराम बीजेस त्याची पूजा होते आणि भाविक त्यात पाणी ओततात. शके १५२१ मधील फाल्गुन वद्य षष्ठीस नाथांनी गोदावरीत देह ठेवला. त्या तिथीस नदीकाठच्या समाधिमंदिरी दिंड्यांची दाटी होते.

गावाशेजारीच पाण्याचा दुसरा, विशाल रांजण आहे. जायकवाडी धरणाची कोनशिला १८ ऑक्टोबर १९६५ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री ह्यांनी बसविली; २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधी ह्यांनी त्याचे उद्घाटन केले. सुमारे १० किलोमीटर लांबीच्या ह्या बांधाने अडविलेल्या जलाशयास नाथसागर हे यथार्थ नाव मिळाले. मराठवाड्यातील शेते त्याने भिजली, नगरांची तहान भागली. परंतु ह्या पाण्याखाली कित्येक गावांची घरे, शेते व देवळे गेली, हेही तीरावर उभे राहिलेल्याने विसरू नये. वरच्या धरणांतून येथे किती पाणी सोडावे, हा वाद न्यायालयापर्यंत गेला आहे. तृषार्ताला पाणी द्यावे की आपल्यापुरते राखावे, हा प्रश्न पैठणला नवा नाही.

विद्येचेही तसेच आहे. पाठशाळेत जे मुखोद्गत होते, ते साठविलेले पाणी होय. तेव्हा पैठणला जाणाऱ्या विद्यार्थ्याने स्नान व दर्शन झाल्यावर नाथवाड्याच्या ओसरीवर बसावे आणि ज्यांना वाचता येत नाही अशा यात्रेकरूंना एकादश स्कंधाचा एक तरी अध्याय अर्थासह, त्यांच्या बोलीत, समजावून सांगावा. कोण कोठला, हे विचारू नये. एवढे घडले तर यात्रा सफल झाली.

तशी बुद्धी श्रीगुरू सर्वांस देवोत.