परदेशची सून, परदेशचा जावई



आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातून, म्हणजे जुन्या सवयीने बोलायचे तर नगर जिल्ह्यातून, मुलेमुली शिकायला आणि नोकरीला आता दूरदेशी जातात. समजा, संगमनेरचा एक मुलगा जर्मनीत नोकरीला आहे. तिथेच त्याचे एका मुलीशी मन जुळले, लग्नही झाले. एके दिवशी फोन येतो, "आई, आम्ही दोघे कायमचे घरी येतोय." घरात आनंदीआनंद! पण मंडळी, सुनेला ओवाळायचे तबक तयार करण्याआधी तिचा व्हिसा तयार व्हायला हवा.

मुलगा भारताचा नागरिक असेल तर त्याला आडकाठी नाही. सून मात्र कायद्याच्या दृष्टीने परदेशी नागरिकच असते. भारतीयाशी लग्न झाले म्हणून नागरिकत्व आपोआप मिळत नाही. गेल ऑम्व्हेट यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. जन्म १९४१ सालचा, अमेरिकेतला. सत्यशोधक चळवळीचा अभ्यास करायला त्या महाराष्ट्रात आल्या. १९७६ साली भारत पाटणकरांशी त्यांचे लग्न झाले आणि त्या सांगली जिल्ह्यातल्या कासेगावच्या झाल्या. भारताचे नागरिकत्व त्यांनी घेतले ते १९८३ साली. गावाने माणूस आपलासा केला, तरी कागदाला त्याचा वेळ लागतोच.

पुष्कळ जण म्हणतात, "पर्यटक व्हिसावर येऊ, पुढचे पुढे पाहू." हा हिशेब बरा नव्हे. पर्यटक व्हिसा हा पाहुण्याचा परवाना आहे. मुदत ओलांडली तर दंड होतो, पुढे भारतात येण्याची वाटही बंद होऊ शकते. घरात म्हातारे आजारी, आणि सुनेला देश सोडावा लागतोय, असा प्रसंग कशाला ओढवून घ्यायचा?

सरळ वाट अशी. भारतीयाच्या पतीला किंवा पत्नीला एन्ट्री व्हिसा मिळतो. त्याला 'एक्स' व्हिसा असेही म्हणतात. अर्ज ऑनलाइन भरून, राहत्या देशातल्या भारतीय वकिलातीमार्फत, निघण्यापूर्वीच करावा. सोबत दोघांचे पासपोर्ट आणि लग्नाचा दाखला लागतो. दाखला परभाषेत असेल तर त्याचे इंग्रजी भाषांतर करून घ्यावे. त्यावर अपोस्टिल, म्हणजे त्या देशाच्या सरकारचा खरेपणाचा शिक्का, तिथेच घ्यावा. इथे परतल्यावर त्या शिक्क्यासाठी सातासमुद्रापार पत्रे धाडत बसावे लागते, बरं का!

गावी आल्यावर मांडव घाला, पुन्हा अक्षता टाका, सारी हौस करा. पण कागदोपत्री लग्नाची तारीख एकच ठेवा.

व्हिसा १८० दिवसांहून अधिक मुदतीचा असेल आणि त्यावर नोंदणीची अट असेल, तर आल्यापासून १४ दिवसांत नोंदणी करावी लागते. जिल्ह्याच्या ठिकाणी हे काम पोलीस अधीक्षकांच्या कार्यालयाकडे असते. अर्ज ऑनलाइन होतो. पोलिसांचे नाव ऐकून बिचकू नये. ही चौकशी नव्हे, नोंद आहे.

नोंदणी झालेले लग्न सलग दोन वर्षे टिकले, की ओ.सी.आय. कार्डासाठी अर्ज करता येतो. १९५५ च्या नागरिकत्व कायद्यात ही सोय आहे. पाकिस्तान व बांगलादेश यांच्याशी नागरिकत्वाचा संबंध असलेल्यांना मात्र ती नाही. कार्ड देण्यापूर्वी सुरक्षा तपासणी होते, म्हणून धीर धरावा. कार्ड मिळाले की आयुष्यभर ये-जा मोकळी, आणि पोलिसांकडची नोंदणीही सुटते. पण मतदान करता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. तेव्हा सुनेच्या नावे सातबारा करायचा बेत असेल, तर आधी जाणत्या वकिलाला विचारा. नागरिकत्वच हवे असेल, तर आजच्या कायद्याप्रमाणे साधारण सात वर्षांचे वास्तव्य लागते.

शिक्षक बंधुभगिनींनो, एक विनंती तुम्हांला. गावात कागद वाचून दाखवायला लोक तुमच्याकडेच येतात. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एक नाव, पासपोर्टवर दुसरे, आणि परदेशी दाखल्यावर वडिलांचे नावच गळालेले, असे पुष्कळदा होते. इंग्रजी स्पेलिंगचे एक अक्षर फिरले तरी अर्ज अडून राहतो. म्हणून मूल शाळेत आहे तेव्हाच त्याचे नाव सगळीकडे एकसारखे आहे ना, हे पाहून ठेवा. पुढे पंधरा-वीस वर्षांनी एखाद्या घरची सून वेळेवर उंबरा ओलांडेल, त्यात तुमचाही वाटा असेल.

मंडळी, माणसाचे स्वागत मनाने करायचे असतेच. त्याला सुखाने राहता यावे म्हणून कागदही वेळेवर करू या.