संशय आणि संगणक



रुग्णाचे गुपित त्याच्या इच्छेविरुद्ध मी त्याच्या पत्नीलाही सांगत नाही. घरात मात्र आपण हा संयम पाळतो काय?

फ्लोरिडात एका पत्नीने पतीच्या संगणकावर गुप्तपणे ‘स्पेक्टर’ ही प्रणाली बसविली. त्याचा पत्रव्यवहार आपोआप टिपला जाऊ लागला. २००५ साली तेथील अपील न्यायालयाने हे कृत्य बेकायदेशीर ठरविले व घटस्फोटाच्या खटल्यात तो पुरावा नाकारला. उलट, भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये पत्नीच्या नकळत ध्वनिमुद्रित केलेले संभाषण ग्राह्य मानले. तथापि जोडीदारावर पाळत ठेवली जाणे हे संसार मोडकळीस आल्याचे लक्षण होय, असेही नमूद केले.

वैद्यक म्हणून मला हे निदान अचूक वाटते. पाळत हे लक्षण आहे, औषध नव्हे.

अवलंबित व्हिसावर आलेल्या कित्येक भगिनींचा माहेराशी धागा फोनपुरताच उरतो. तोही पतीच्या नजरेखाली असेल, तर दुःख सांगावे कोणाला? अशा भगिनीने मदत मागताना दुसऱ्याचा फोन वापरावा. आणि आम्हा पुरुषांच्या मनात शंका आलीच, तर ती संगणकाला न विचारता समोर बसून पत्नीलाच विचारावी.

जयभीम!