नोटीस कुणाच्या नावानं येते?

(टेंभुर्णी, ता. जाफराबाद, जि. जालना येथील महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मघाशी एका मावशींनी विचारलं, सरकारनं आपली जमीन घ्यायचं ठरवलं तर आपल्याला 'नाही' म्हणता येतं का? उत्तर देते, पण आधी माझ्या आईची हकिकत सांगते. माझं माहेर इथून फार लांब नाही.

१९७२ च्या दुष्काळात आमच्या शिवारात पाझर तलावाचं काम निघालं. वडील त्याआधी तीन वर्षं वारले होते. त्यांच्या वाट्याचं साडेतीन एकर वावर आई कसत होती, आणि तेच नेमकं तलावात जाणार होतं. सात-बारावर नाव मात्र थोरल्या चुलत्यांचं, 'एकत्र कुटुंब मॅनेजर' म्हणून. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं विधवेला नवऱ्याच्या मिळकतीत वाटा दिला होता. पण तो कायदा आमच्या गावच्या दप्तरात शिरलाच नव्हता. चुलत्यांनी ताब्याच्या कागदावर अंगठा केला. मोबदला मागाहून मिळणार होता.

आणि आई त्याच कामावर मजूर म्हणून लागली. रोज पाटी डोक्यावर घेऊन स्वतःच्याच शेतातली माती भरावावर टाकायची. मी दहा वर्षांची होते, सुकडी मिळते म्हणून तिच्या मागं जायचे. एक दिवस ती मुकादमाला म्हणाली, "दादा, हे वावर माझं हाय." तो म्हणाला, "बाई, तुझं नाव हजेरीत हाय. तेवढंच हाय."

मोबदला आला तेरा वर्षांनी, चुलत्यांच्या नावानं. आईनं बरेच खेटे घातले. "पैसे खातेदाराला दिले, आता हे तुमचं घरगुती भांडण आहे," असं तिला सांगण्यात आलं. कागद पाहिले तर त्यांच्या हिशेबात चूक नव्हतीच. कागदावरच्या माणसाला विचारलं, कागदावरच्या माणसाला पैसे दिले.

आम्ही चळवळीतल्या बायका 'खाजगी मालमत्ता' हा शब्द निघाला की नाक मुरडायचो. मालमत्ता म्हणजे जमीनदार, सावकार, गिरणीमालक. त्यामुळे ४४ वी घटनादुरुस्ती होऊन २० जून १९७९ पासून मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून गेला, तेव्हा आमच्यापैकी कुणालाच वाईट वाटलं नाही. जमीनदारी मोडताना, कमाल जमीन धारणेचा कायदा आणताना हा हक्क वाटेत येत होता हे खरंच आहे. मला आजही त्या कायद्यांचा पश्चात्ताप होत नाही. पण दोन-चार एकरवाली बाई आणि हजार एकरांचा मालक यांना आम्ही एकाच मापानं मोजलं, ही चूक आम्ही मान्य केली पाहिजे.

मूलभूत हक्क गेला तरी घटनेत कलम ३००-अ राहिलं. कायद्याचा आधार असल्याशिवाय कुणाचीही मालमत्ता काढून घेता येणार नाही, असं ते सांगतं. एवढ्याशा ओळीत काय ताकद आहे ते हिमाचल प्रदेशातल्या विद्यादेवींच्या खटल्यात दिसलं. १९६७-६८ साली त्यांची जमीन रस्त्यासाठी गेली. ना नोटीस, ना संपादन, ना मोबदला. बाई निरक्षर, विधवा. दाद कुठं मागायची हेच त्यांना माहीत नव्हतं. पुढे त्या कोर्टात गेल्या तेव्हा सरकार काय म्हणालं असेल? इतकी वर्षं ताबा आमचाच आहे, म्हणून जमीनही आमचीच! म्हणजे दुसऱ्याच्या घरात घुसायचं आणि बरीच वर्षं राहिलो म्हणून घर मागायचं. जानेवारी २०२० मध्ये सुप्रीम कोर्टानं हे फेटाळलं, सरकारला असा दावा करता येत नाही असं सांगितलं आणि मोबदला द्यायला लावला. तोवर विद्यादेवी ऐंशीच्या घरात पोचल्या होत्या.

पुढचा मोठा निकाल आपल्याच राज्यातला आहे. मुंबईतल्या जुन्या इमारतींच्या मालकांच्या खटल्यात ५ नोव्हेंबर २०२४ ला नऊ न्यायाधीशांच्या पीठानं बहुमतानं सांगितलं, की प्रत्येक खाजगी मालमत्ता ही आपोआप समाजाची साधनसंपत्ती ठरत नाही. त्यावर पुष्कळ वाद आहेत, आज त्यात शिरत नाही.

तर मावशी, उत्तर असं आहे. सार्वजनिक कामासाठी सरकार जमीन घेऊ शकतं, सरसकट 'नाही' म्हणता येत नाही. पण कोणत्या कायद्यानं घेता, कशासाठी घेता, किती देता, हे विचारता येतं. २०१३ चा भूसंपादन कायदा लागू असेल तिथं प्राथमिक अधिसूचनेपासून साठ दिवसांत हरकत घेता येते. आणि हे नीट ऐका: मोबदल्यात आपला वाटा आहे असं जिचं म्हणणं आहे, तिलाही हरकत घेता येते. सात-बारावर नाव असलंच पाहिजे असं नाही. त्याच कायद्यात विधवा, घटस्फोटित आणि टाकलेल्या बाईला स्वतंत्र कुटुंब मानलेलं आहे. माझ्या आईच्या वेळी हे असतं तर?

पण हा हक्क वापरायला आधी कळावं लागतं, आणि नोटीस कागदावरच्या नावानं येते. समृद्धी महामार्ग आपल्या जालना जिल्ह्यातून गेला. तिथं बहुतेक जमिनी थेट खरेदीखतानं घेतल्या गेल्या, पैसे खातेदारांच्या बँक खात्यात पडले. ज्या घरात बाईचं नाव नव्हतं, तिथं किती रक्कम आली हे तिला शेजारणीकडून कळलं. अशा बायका मला भेटल्या आहेत. सरकारच्या अधिकाराला मर्यादा पाहिजे असं आपण म्हणतो, तेव्हा ती मर्यादा आज पुरुषाच्या नावापाशी येऊन थांबते. गायरान कसणाऱ्या बाईची तर आणखी कठीण गत. तिच्याकडे कुणाच्याच नावाचा कागद नसतो.

लेकींना वडिलोपार्जित मिळकतीत हक्क महाराष्ट्रानं १९९४ साली दिला, पण आधी लग्न झालेल्यांना वगळून. २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीनं ती अट गेली. बायकोचं तसं नाही. नवरा जिवंत असेतो त्याच्या जमिनीत तिला मालकी नाही. म्हणून शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला होता. शंभर कुटुंबांनी बायकोच्या नावे जमीन केली की ते गाव लक्ष्मीमुक्त. त्याच नावाचं शासनाचं परिपत्रक १५ सप्टेंबर १९९२ चं आहे. नवऱ्यानं स्वखुशीनं अर्ज दिला तर बायकोचं नाव सहधारक म्हणून लागतं. गंमत बघा, 'स्वखुशीनं'! तरी जे आहे ते वापरायचं.

आता जरा हात वर करा. कुणाकुणाचं नाव सात-बारावर आहे?

(सभेत सात-आठ हात वर झाले.)

माझाही हात खाली आहे, बघा. तलावातून वाचलेली जमीन वाटणीत भावाकडे आली, आणि १९९६ साली मी हक्कसोडपत्रावर सही केली. तेव्हा मी शिबिरांमधून बायकांना वारसा हक्क शिकवत होते. भाऊ म्हणाला, "ताई, राखीला येशील ना?" मी सही करून मोकळी झाले. आईला सांगितलं तर ती काही बोलली नाही, ज्वारी निवडत बसली.

तेव्हा हक्कसोड करणाऱ्या बाईला मी दोष देणार नाही. सही करण्याआधी एक रात्र जाऊ द्या, कागद वाचून घ्या, एवढंच सांगीन.

त्या टेबलावर परिपत्रकाची प्रत आणि अर्जाचे नमुने ठेवले आहेत. घरी नेऊन नवऱ्याशी बोला. सोबत आपल्या खात्याचा आठ-अ आणि जुने फेरफार काढायचा अर्जही आहे, त्याला मात्र कुणाची संमती लागत नाही. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे आपण आत्ता, जेवणाआधी, इथंच भरून घेऊ.