चौऱ्याण्णव विजय, साठ पराभव

अमेरिकेंतील बेसबॉलच्या जाड नोंदग्रंथांत १९४७ सालच्या नॅशनल लीगचा तक्ता उघडला म्हणजे पहिल्याच ओळींत ब्रुकलिन डॉजर्स या संघाचें नांव दिसतें. विजय ९४, पराभव ६०. दुसऱ्या ओळींत सेंट लुई; विजय ८९, पराभव ६५. पाहणाऱ्यास वाटेल कीं, एका संघानें दुसऱ्यावर पांच सामन्यांची आघाडी मिळविली आणि वर्ष संपलें. अशीं वर्षें त्या खेळांत शंभरावर होऊन गेलीं आहेत, आणि बहुतेकांची आठवण त्या त्या गांवच्या म्हाताऱ्यांखेरीज कोणी ठेवीत नाहीं. ब्रुकलिनच्या त्या वर्षाची आठवण मात्र साऱ्या देशानें ठेवली, आणि तिचें कारण आंकड्यांच्या त्या दोन ओळींवरून कळण्यासारखें नाहीं.

बेसबॉलशीं ज्यांचा परिचय नाहीं अशा श्रोत्यांसाठीं थोडें स्पष्टीकरण अवश्य आहे. मैदानावर चौकटच्या आकारांत चार ठाणीं आंखलेलीं असतात. समोरून हवेंतून फेंकलेला चेंडू फलंदाजानें गोल दांडक्यानें टोलवावयाचा आणि पहिल्या ठाण्याकडे धांव ठोकावयाची. चारी ठाणीं फिरून तो परत आला म्हणजे एक धांव. तीन गडी बाद झाले कीं पाळी संपते. अशा नऊ पाळ्या प्रत्येक संघास मिळतात. क्रिकेटांत चिवट फलंदाज दिवसभर मुक्काम ठोकूं शकतो. येथें उत्तम खेळाडूलाहि एका सामन्यांत चारपांच वेळांच संधि मिळते, आणि दहांत तीन वेळां टोला साधला तर तो नामांकित गणला जातो. फेंकणाऱ्याचा डोळा चुकवून एका ठाण्यावरचा गडी पुढच्या ठाण्यावर पोंचला तर त्यास ठाणें चोरणें म्हणतात. आट्यापाट्या खेळलेल्यांस यांतील मौज समजावून सांगावयास नको.

हा सर्व पगारी खेळाडूंचा मामला. १९४७ सालीं मोठे संघ सोळा होते, आठ आठांच्या दोन लीगमध्यें विभागलेले. प्रत्येक संघानें आपल्या लीगमधील इतर सातांशीं २२ वेळां झुंजावयाचें, म्हणजे एप्रिलपासून सप्टेंबरअखेर १५४ सामने. सहा महिने जवळ जवळ रोज मैदानांत उतरावयाचें, आगगाडीनें गांवोगांव हिंडावयाचें. अखेरीस दोन्ही लीगचे विजेते एकमेकांशीं भिडतात. सातांपैकीं चार सामने जिंकील तो श्रेष्ठ. या सामन्यांना त्या लोकांनीं जागतिक मालिका असें भारदस्त नांव दिलें आहे. पण हें जग त्या काळीं पश्चिमेस सेंट लुईपर्यंत येऊन संपत असे.

या सोळा संघांच्या जगांत साठांहून अधिक वर्षें एकाहि कृष्णवर्णीय खेळाडूला प्रवेश मिळाला नव्हता. तसा लेखी नियम नव्हता. मालकांची आपसांतील समजूत होती, आणि लेखी नियमापेक्षां अशी समजूत मोडणें फार अवघड, कारण ती आपण केली असें कोणीच कबूल करीत नाहीं. कृष्णवर्णीयांचे संघ वेगळे, लीग वेगळ्या. त्यांतील जॉश गिब्सन हा फलंदाज कोणत्याहि काळच्या श्रेष्ठांत मोजला जातो. १९४७ च्या जानेवारींत, पस्तिसाव्या वर्षीं, तो वारला. त्यानंतर तीनच महिन्यांनीं दार उघडलें.

तें उघडणारा ब्रँच रिकी हा ब्रुकलिन संघाचा अध्यक्ष मोठा विलक्षण गृहस्थ होता. धर्मनिष्ठ इतका कीं, रविवारीं मैदानावर पाऊल टाकीत नसे. आणि हिशेबी असा कीं, त्याच्याकडून पगार वाढवून घेणें ही खेळाडूंना मोठी परीक्षा वाटे. त्याच्या या धाडसांत न्यायबुद्धि किती आणि गल्ल्यावरची नजर किती हा वाद आजहि चालतो. दोन्ही होतीं असें म्हणावें हें बरें. १९४५ च्या ऑगस्टमध्यें त्यानें जॅकी रॉबिन्सन या तरुणास बोलावून घेतलें. रॉबिन्सन कॅलिफोर्नियांत वाढलेला, विश्वविद्यालयांत चार खेळांत चमकलेला, सैन्यांत अधिकारी होता. बसमध्यें मागें जाऊन बसण्यास नकार दिल्याबद्दल १९४४ सालीं त्याच्यावर लष्करी न्यायालयांत खटला झाला आणि तो निर्दोष सुटला. म्हणजे मुळांत मुकाट्यानें सोसणारा हा मनुष्य नव्हे. रिकीनें त्या भेटींत हॉटेलचा कारकून, आगगाडींतील नोकर, प्रतिपक्षाचा खेळाडू अशीं सोंगें घेऊन त्याला तोंडावर शिव्या दिल्या आणि अट घातली कीं, कोणीं कांहींहि केलें तरी उलट हात उगारावयाचा नाहीं, उलट शब्द बोलावयाचा नाहीं. रॉबिन्सननें ती मान्य केली. १९४६ चें वर्ष तो मॉन्ट्रियलच्या दुय्यम संघांत खेळला आणि त्या लीगमध्यें फलंदाजींत पहिला आला.

पुढच्या वसंतांत संघ सरावासाठीं पनामांत असतां दक्षिणेकडील कांहीं खेळाडूंनीं त्याच्याविरुद्ध एक अर्ज फिरविण्यास आरंभ केला. केंटकीचा रीस यानें सही नाकारली. मॅनेजर लिओ ड्युरोशर याच्या कानीं ही गोष्ट जातांच त्यानें मध्यरात्रीं सर्वांना झोपेंतून उठवून बराकीच्या स्वयंपाकघरांत गोळा केलें आणि सांगितलें कीं, संघांत कोण खेळणार हें आपण ठरविणार. हा मनुष्य तुम्हां सर्वांना पैसा मिळवून देणार आहे, आणि ज्याला तो नको असेल त्यानें दुसरा संघ पाहावा. या भाषणांत बंधुभावाचा एक शब्दहि नव्हता. पण त्या रात्रीं तें लागू पडलें, कारण तें व्यवहाराचें होतें. दैवयोग असा कीं, हाच ड्युरोशर ९ एप्रिलला, हंगाम आठवड्यावर आला असतां, जुगाऱ्यांशीं संगतीच्या आरोपांवरून वर्षभरासाठीं खेळांतून दूर करण्यांत आला. त्याच्या जागीं बर्ट शॉटन हा बासष्ट वर्षांचा शांत गृहस्थ आला. तो गणवेष न घालतां साध्या कपड्यांत बांकावर बसून संघ चालवी. एवढ्या वादळी वर्षांत असा थंड डोक्याचा मनुष्य मिळाला हें ब्रुकलिनचें भाग्यच म्हणावयाचें.

१५ एप्रिल रोजीं एबेट्स फील्ड या ब्रुकलिनच्या मैदानावर पंचवीस हजारांवर प्रेक्षकांसमोर रॉबिन्सन पहिल्या ठाण्यावर उभा राहिला. ती जागाहि त्याच्या संवयीची नव्हती. त्या दिवशीं त्याला एकहि टोला साधला नाहीं. पण प्रतिपक्षाच्या चुकीनें ठाण्यावर पोंचून त्यानें एक धांव काढली, आणि बॉस्टनवर ५-३ असा विजय मिळाला. आठवड्यानें फिलाडेल्फियाचा संघ आला. त्यांचा मॅनेजर बेन चॅपमन यानें आपल्या खेळाडूंसह बांकावरून जें तोंड सोडलें तें येथें उच्चारण्याजोगें नाहीं. रॉबिन्सननें पुढें लिहून ठेवलें आहे कीं, त्या दिवशीं तो वचन मोडण्याच्या अगदीं काठावर आला होता. तो सामना ब्रुकलिननें १-० असा जिंकला, आणि ती एकुलती एक धांव रॉबिन्सनची! मालिकेच्या अखेरीस अलाबामांत राहणारा त्याचाच सहकारी एडी स्टँकी उठला आणि चॅपमनच्या माणसांना ओरडून म्हणाला कीं, उत्तर देऊं शकेल अशा माणसाला शिव्या द्या. रिकी पुढें म्हणत असे कीं, संघांत एकी घडवून आणण्याचें काम चॅपमननेंच केलें. अर्थात् रॉबिन्सनला त्याची किंमत द्यावी लागली. एप्रिलअखेर लागोपाठ वीस वेळां त्याची फलंदाजी फुकट गेली.

या हंगामाच्या हकीकतींत एक नांव सहसा मागें राहतें. नभोवाणीच्या श्रोत्यांनीं तरी तें विसरूं नये. ब्रुकलिनच्या सामन्यांचें वर्णन नभोवाणीवरून रेड बार्बर करीत असे. तो मिसिसिपींत जन्मलेला, फ्लॉरिडांत वाढलेला; दक्षिणेचे सर्व संस्कार अंगीं मुरलेले. रिकीनें १९४५ सालींच आपला बेत त्याला खाजगींत सांगितला होता. बार्बर घरीं गेला आणि आपण नोकरी सोडणार असें पत्नीला म्हणाला. तिनें घाई करूं नये असें सुचविलें. विचार करतां करतां त्याच्या ध्यानांत आलें कीं, आपलें काम मैदानावर काय घडतें तें सांगण्याचें आहे; कोणीं खेळावें हें ठरविण्याचें नव्हे. मग सबंध हंगामभर त्यानें रॉबिन्सनचें वर्णन इतर कोणत्याहि खेळाडूसारखेंच केलें. टोला बसला तर टोला, चूक झाली तर चूक. ब्रुकलिनच्या घराघरांतून, न्हाव्याच्या दुकानांतून आणि उघड्या खिडक्यांतून तो दक्षिणी हेल काढणारा आवाज रोज एका कृष्णवर्णीय खेळाडूचें नांव सहजपणें घेत होता. या एका गोष्टीनें किती मनें निवळलीं असतील याचा हिशेब कोणत्याहि तक्त्यांत मांडतां येणार नाहीं.

मे महिन्यांत सेंट लुईचे खेळाडू संप करणार अशी बातमी न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्रानें छापली. लीगचा अध्यक्ष फोर्ड फ्रिक यानें, संप करील त्याला खेळांतून काढूं, असा इशारा दिला. संप झाला नाहीं. खेळाडूंनीं तर असा बेतच नव्हता असें सांगितलें. ऑगस्टमध्यें त्याच संघाच्या ईनॉस स्लॉटरचा खिळ्यांचा बूट पहिल्या ठाण्यावर रॉबिन्सनच्या पायावर पडला. तो हेतुपुरस्सर नव्हता असें स्लॉटर अखेरपर्यंत म्हणत राहिला. वर्षभरांत नऊ वेळां फेंकलेला चेंडू रॉबिन्सनच्या अंगावर येऊन आदळला. त्याचें उत्तर तो पायांनीं देई: ठाण्यावर पोंचला कीं पुढचें चोरी. अशीं २९ ठाणीं त्यानें चोरलीं. तो त्या वर्षींचा लीगमधील उच्चांक होता. धांवा १२५, फलंदाजीची सरासरी .२९७. उत्कृष्ट नवोदित खेळाडूचें पारितोषिक त्याच वर्षीं प्रथम सुरू झालें, तें त्यालाच मिळालें.

एका खेळाडूनें हंगाम जिंकला असें समजणें मात्र चूक ठरेल. एकवीस वर्षांच्या राल्फ ब्रँका यानें २१ सामने जिंकून दिले. पीट रीझर झेल घेतांना भिंतीवर आदळून इतका जखमी झाला कीं, धर्मगुरूनें त्याच्यावर अंत्यसंस्कारसुद्धां केले. तरी तो पुन्हां खेळला. आणि डिक्सी वॉकर! रॉबिन्सनबरोबर खेळावयाचें नाहीं म्हणून आपली बदली करावी असें त्यानें मार्चमध्यें रिकीला पत्र लिहिलें होतें. सोय न झाल्यानें तो राहिला, आणि त्याच्या बरोबरीनें उत्तम खेळला. रॉबिन्सन ठाण्यावर, आणि वॉकरच्या टोल्यानें तो घरीं येतो, असें त्या वर्षीं कितीदां तरी घडलें. दोघांत मैत्री झाली नाहीं. हंगाम संपल्यावर वॉकर पिट्सबर्गला गेला. मन न बदलतांहि मनुष्य शेजारीं उभा राहून काम करूं शकतो, याचा इतका स्पष्ट दाखला क्वचित् मिळेल.

जागतिक मालिकेंत गांठ पडली न्यूयॉर्कच्या यांकी संघाशीं. दूरचित्रवाणीवर दिसलेली ही पहिली मालिका. तरी बहुसंख्य लोकांनीं ती कानांनींच पाहिली. पहिले दोन सामने यांकींनीं सहज घेतले, तिसरा ब्रुकलिननें ९-८ असा कसाबसा जिंकला. ३ ऑक्टोबरचा चौथा सामना मात्र विस्तारानें सांगण्याजोगा आहे. यांकींचा बिल बेव्हन्स चेंडू फेंकीत होता. त्याचा नेम वारंवार सुटत होता. चार वाईट चेंडू पडले कीं फलंदाजास पहिलें ठाणें फुकट मिळतें. अशीं दहा ठाणीं त्यानें बहाल केलीं, आणि त्यांतून ब्रुकलिनला एक धांवहि मिळाली. पण नवव्या पाळींत दोन गडी बाद होईपर्यंत ब्रुकलिनच्या एकाहि फलंदाजाला खरा टोला साधला नव्हता. आणखी एक गडी बाद होतांच जागतिक मालिकेंत पूर्वीं कधींहि न घडलेला विक्रम होणार होता. नभोवाणीवर सामन्याच्या पूर्वार्धाचें वर्णन मेल ॲलन यानें केलें. अशा विक्रमाचा उच्चार केला कीं तो मोडतो अशी खेळाडूंची समजूत आहे, म्हणून त्यानें ती गोष्ट तोंडांतून काढली नाहीं. बार्बरची पाळी येतांच त्यानें श्रोत्यांना सरळ सांगून टाकलें: टोले शून्य.

यांकी २-१ असे पुढें. दोन ठाण्यांवर ब्रुकलिनचे दोन पर्यायी धांवपटू. शॉटननें स्टँकीऐवजीं कुकी लॅव्हाजेटो या चौतीस वर्षांच्या जुन्या खेळाडूस पाठविलें. त्यानें मारलेला चेंडू उजवीकडच्या भिंतीवर जाऊन आदळला, दोन्ही गडी घरीं आले, आणि एकाच टोल्यानें विक्रमहि गेला व सामनाहि गेला. ब्रुकलिन ३, यांकी २. बार्बरला पुढें दोष देणारे निघालेच!

पांचवा सामना यांकींचा. सहाव्यांत यांकींचे दोन गडी ठाण्यांवर असतां डिमॅजिओचा प्रचंड टोला कुंपणापाशीं धांवत जाऊन ॲल जिऑनफ्रिडो या बुटक्या खेळाडूनें झेलला, आणि सहसा भावना न दाखविणाऱ्या डिमॅजिओनें पायानें धूळ उडविली. ब्रुकलिन ८-६. सातवा सामना यांकींनीं ५-२ असा जिंकला, आणि ब्रुकलिनचें वर्ष पराभवांत संपलें. बेव्हन्स, लॅव्हाजेटो आणि जिऑनफ्रिडो हे तिघेहि या मालिकेनंतर मोठ्या लीगमध्यें पुन्हां कधीं खेळले नाहींत. यांकींना हरवून ब्रुकलिननें मालिका जिंकली ती १९५५ सालीं. दोनच वर्षांनीं संघ लॉस एंजेलिसला निघून गेला. रॉबिन्सनवरचें मौनाचें बंधन १९४९ सालीं सुटलें. त्या वर्षीं तो .३४२ सरासरीनें लीगमधील पहिला फलंदाज ठरला. त्यानंतर पंचांशीं भांडतांना तो कधीं मागें राहिला नाहीं.

या विजयाचा दुसरा हिशेबहि मांडला पाहिजे. रॉबिन्सन ज्या कान्सस सिटीच्या कृष्णवर्णीय संघांतून आला, त्या संघाला रिकीनें एक डॉलरहि दिला नाहीं. त्या संघाच्या मालकांना तक्रार तरी कशी करतां येणार? केली असती तर आपल्याच माणसाच्या वाटेंत आडवे आले असें झालें असतें. कृष्णवर्णीय प्रेक्षक रॉबिन्सनला पाहावयास एबेट्स फील्डकडे वळले, आणि त्यांचीं स्वतःचीं मैदानें ओस पडूं लागलीं. त्यांची एक लीग १९४८ नंतर बंदच झाली. शेकडों खेळाडू, कित्येक व्यवस्थापक व पंच कोठें गेले याची चौकशी फार थोड्यांनीं केली. मोठ्या संघांतील शेवटचा, बॉस्टनचा रेड सॉक्स, कृष्णवर्णीय खेळाडूस घेण्यास १९५९ सालीं तयार झाला. त्या वेगळ्या लीगांना मोठ्या लीगचा दर्जा मिळाला २०२० सालीं, आणि त्यांचे आंकडे मुख्य नोंदींत मिळविले गेले २०२४ सालीं. तेव्हां आजन्म फलंदाजीच्या सरासरींत सर्वांच्या वर जें नांव चढलें तें जॉश गिब्सनचें, आंकडा.३७२.