उतारवयातील सायकल



सायकल ही गरिबाची अथवा पोराटोरांची, अशी समजूत आपल्या समाजात रूढ आहे. निवृत्तीनंतर मीही त्याच समजुतीने घरी बसून राहिलो. पुढे दोन जिने चढताना धाप लागू लागली, तेव्हा डोळे उघडले. डॉक्टरांना विचारून सायकल घेतली. पहिल्याच आठवड्यात एका जुन्या विद्यार्थ्याने विचारले, “सर, मोटार बिघडली काय?” मी म्हणालो, “मोटार नव्हे, मीच बिघडलो होतो!”

सायकलीवर शरीराचा बराचसा भार बैठकीवर पडतो. म्हणून गुडघ्यांस त्रास कमी होतो. पायडल अगदी खाली असता गुडघा किंचित वाकलेला राहावा, इतकी बैठक उंच असावी. आठवड्यास निदान १५० मिनिटे मध्यम व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले आहे. मी मात्र दहा मिनिटांपासून आरंभ केला. पाम बीच मार्गावर मोटारी भरधाव धावतात, तिकडे मी जात नाही. पारसिकचा चढही तरुणांस सोडला आहे. नेरुळच्या अंतर्भागातील पहाटेचे शांत रस्ते मला पुरेसे आहेत.

ज्येष्ठ बंधुभगिनींनो, लाज आजारपणाची वाटावी, सायकलीची नव्हे.