छाटणीची तारीख कोणाच्या वहीत?

(पिंपळगाव बसवंत येथे भरलेल्या जिल्हा बैठकीतील भाषण)



आपण पिंपळगावात बसलो आहोत. इथल्या बाजार समितीत ज्याने कांद्याची ट्रॉली कधी उभी केली नाही किंवा टोमॅटोचे क्रेट कधी उतरवले नाहीत, असा माणूस या मांडवात सापडणे कठीण. तेव्हा एक प्रश्न विचारतो. लिलाव पुकारला जात असताना व्यापारी तुमच्या ट्रॉलीत हात घालतो, कांदा वर-खाली करून पाहतो. समजा, त्याच वेळी त्याच्या हातात एक चिठ्ठी आहे. चिठ्ठीवर लिहिले आहे की या माणसाच्या चाळीत अजून साठ क्विंटल कांदा आहे, तो सडायला लागला आहे, सोसायटीचा हप्ता पंधरा दिवसांवर आला आहे आणि घरात लग्न ठरले आहे. सांगा, तो बोली काय लावेल?

उत्तर तुम्ही हसून दिले. म्हणजे विषय तुम्हाला कळला आहे. आपला बाप-आजा बाजारात जाताना एक गोष्ट शिकवून गेला, की गरज चेहऱ्यावर दाखवायची नाही. गरज कळली की भाव पडतो. माहिती ही सुद्धा बाजारातली वस्तू आहे आणि ती ज्याच्या हाती, त्याचे पारडे जड. आज मी या एकाच गोष्टीवर बोलणार आहे. बाजारात जी गोष्ट आपण जिवापाड लपवतो, तीच गोष्ट आपण खिशातल्या फोनवरून फुकट वाटतो आहोत.

माझाच अनुभव सांगतो. औषधाच्या दुकानात गेलो, बिल करताना मोबाईल नंबर मागितला, दिला. बाटलीच्या झाकणाखाली खरवडायचा क्रमांक होता. तो अॅपमध्ये टाकला की बक्षिसाचे गुण मिळतात, असे सांगितले. अॅप उघडले. त्याने नाव विचारले, गाव विचारले, पीक विचारले, एकर विचारले, वाण विचारला आणि शेवटी विचारली गोडी छाटणीची तारीख. मी सगळे भरले. पोराने शेजारी बसून भरायला मदत केली. पुढे बागेत पोंगा अवस्था आली, तर त्याच आठवड्यात फोन. अनोळखी माणूस, पण त्याला माझी बाग किती एकर आहे ते माहीत, छाटून किती दिवस झाले ते माहीत आणि केवडा येऊ नये म्हणून काय मारायचे तेही पाठ. फोन त्या कंपनीचा नव्हता, दुसऱ्याच कोणाचा होता. माझी तारीख त्याच्या वहीत कशी गेली, हे मला आजपर्यंत कोणी सांगितले नाही.

द्राक्षवाल्यांना या तारखेची किंमत समजावून सांगायला नको. गोडी छाटणीची तारीख कळली की फुटवे कधी, फुलोरा कधी, जीएची डिपिंग कधी आणि माल साधारण कधी निघणार, हे सगळे बोटावर मोजता येते. निफाड-दिंडोरीतल्या हजारो बागांच्या तारखा एका जागी गोळा झाल्या, तर कोणत्या आठवड्यात किती माल येणार याचा अंदाज शेतकऱ्याच्या आधी दुसऱ्याला बांधता येतो. औषध कधी महाग करायचे आणि खरेदीत हात कधी आखडायचा, हे ठरवायला त्याला आणखी काय हवे? प्रत्येक कंपनी असे करते, असा आरोप मी करत नाही. पण शस्त्र दुसऱ्याच्या हातात आहे आणि ते आपण स्वतः धार लावून दिले आहे, एवढे तर खरे.

कोणी म्हणेल, भाऊ, सातबारा तर उघडाच आहे. संगणकावर कोणीही पाहू शकतो. मग लपवायचे काय? मुद्दा बरोबर आहे. पण एकेक कागद वेगळा असतो तेव्हा त्यातून फार काही कळत नाही. सातबारा तलाठ्याकडे, कर्ज सोसायटीकडे, औषधाची उधारी दुकानदाराकडे, मालाची पट्टी व्यापाऱ्याकडे. चार वह्या चार ठिकाणी होत्या, म्हणून आपण सुरक्षित होतो. आता मोबाईल नंबर हा दोरा झाला आहे. त्या एका दोऱ्यात चारही वह्या ओवता येतात. गाठोडे बांधले की माणूस उघडा पडतो.

ही माहिती तीन वाटांनी जाते. पहिली वाट, आपण स्वतः भरतो ती. दुसरी वाट, फोन आपल्या नकळत देतो ती. अॅप घेताना ‘परवानगी द्या’ म्हणून चार-पाच वेळा विचारते आणि आपण अंगठा दाबत जातो. त्यात आपण कुठे आहोत, आपल्या फोनमध्ये कोणाकोणाचे नंबर आहेत, बँकेचे कोणते संदेश आले, हे सारे जाऊ शकते. तिसरी वाट, एकाने दुसऱ्याला दिलेली. अटींच्या लांबलचक कागदात कुठेतरी लिहिलेले असते की आम्ही ही माहिती ‘सहयोगी संस्थांना’ आणि ‘व्यावसायिक भागीदारांना’ देऊ शकतो. हे भागीदार कोण, किती, हे बहुधा लिहिलेले नसते. आणि तो कागद बहुतेक वेळा इंग्रजीत.

झटपट कर्ज देणाऱ्या अॅपांनी या दुसऱ्या वाटेचा काय वापर केला, ते अनेक गावांनी पाहिले. हप्ता थकला की फोनमधल्या पाहुण्यारावळ्यांना, सोयऱ्यांना फोन करून अब्रू काढायची. तक्रारी इतक्या झाल्या की सप्टेंबर २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने नियम काढले. कर्ज देणाऱ्या अॅपने फोनमधली नंबरांची यादी, फोटो-फाइली आणि कॉलची नोंद यांना हात लावायचा नाही. कॅमेरा किंवा ठिकाण लागलेच, तर ग्राहकाची ओळख पटवण्यापुरते, एकदाच आणि स्पष्ट संमतीने. तेव्हा एखादे कर्जाचे अॅप नंबरांची यादी मागत असेल, तर ते नियम मोडते आहे, असे समजून तिथेच थांबा.

आता सरकारकडे वळू, कारण सर्वांत मोठी वही तिथे आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. पीक आपणच फोनवरून नोंदवतो. त्याच्या पुढचे पाऊल म्हणजे अॅग्रिस्टॅक. शेतकऱ्याला ओळख क्रमांक, तो आधारशी आणि जमिनीशी जोडलेला. महाराष्ट्रात १५ एप्रिल २०२५ पासून कृषी खात्याच्या योजनांसाठी हा क्रमांक सक्तीचा झाला. नुकसानीची मदत वेळेवर मिळाली, तलाठ्याकडचे हेलपाटे वाचले, तर त्याला कोण नको म्हणेल? पण या योजनेची सुरुवात आठवा. एप्रिल २०२१ मध्ये केंद्राच्या कृषी खात्याने मायक्रोसॉफ्टशी सहा राज्यांतल्या शंभर गावांसाठी प्रायोगिक करार केला. इतरही काही कंपन्यांशी तसेच करार झाले. माहितीच्या संरक्षणाचा कायदा तेव्हा देशात नव्हता. शेतकऱ्यांना न विचारता त्यांची माहिती खासगी कंपन्यांपुढे का ठेवता, म्हणून अनेक संघटनांनी तेव्हा हरकत घेतली होती. आणि सरकारची वही तरी घट्ट बंद असते का? २०२२ मध्ये एका सुरक्षा संशोधकाने दाखवून दिले की पीएम-किसानच्या संकेतस्थळाच्या एका भागातून शेतकऱ्यांचे आधार क्रमांक बाहेर दिसत होते. ते भोक नंतर बुजवले गेले. पण आधीच कोणी आत डोकावून गेले असेल, तर बुजवून उपयोग काय?

हा प्रश्न आपल्यापुरता नाही. अमेरिकेत २०१३ साली मोन्सँटोने हवामान आणि शेतीच्या माहितीवर धंदा करणारी क्लायमेट कॉर्पोरेशन ही कंपनी सुमारे ९३ कोटी डॉलरला विकत घेतली. बियाणे विकणारी कंपनी माहितीसाठी एवढा पैसा मोजते, हे पाहून तिथल्या शेतकऱ्याचे डोळे उघडले. त्याच्या ट्रॅक्टरवरचे यंत्र एकरी उतारा मोजते आणि तो आकडा दुसरीकडे जातो. २०१४ मध्ये तिथल्या शेतकरी संघटना आणि कंपन्या एका टेबलाशी बसल्या आणि तत्त्वे ठरवली. त्यातले एक महत्त्वाचे तत्त्व हे, की शेतात तयार होणाऱ्या माहितीचा मालक शेतकरी. ती तत्त्वे कायदा नाहीत, पण मालकी कोणाची हे तरी कागदावर आले.

माहिती देणे म्हणजेच पाप, असे मात्र कोणी समजू नका. आपल्याच भागातले उदाहरण घ्या. युरोपात द्राक्ष पाठवायचे म्हणून बागांची नोंदणी सुरू झाली. अपेडाच्या ग्रेपनेटमध्ये प्लॉटची नोंद होते, फवारणीची वही ठेवावी लागते, उर्वरित अंशाची तपासणी होते आणि पेटीवरून बागेपर्यंत माग काढता येतो. आपण ती माहिती दिली, कारण कशासाठी देतो ते ठाऊक होते आणि बदल्यात परदेशचा बाजार उघडत होता. सौदा उघड होता. पण त्याच व्यवहाराने दुसराही धडा दिला. २०१० च्या हंगामात सीसीसीचे, म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराईडचे अंश सापडले आणि युरोपात आपला माल अडकला. आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत ते रसायन नव्हते. बाग कोणाची हे सर्वांना माहीत. पण तिकडे काय तपासले जाणार आहे, ही बातमी बागवाल्यापर्यंत वेळेत आलेली नव्हती. माहिती एकाच दिशेने वाहिली की असे होते. माझे वरच्याला सगळे कळते, वरचे मला काही कळत नाही.

आता कायदा काय म्हणतो ते ऐका. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितले की खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे. त्यानंतर सहा वर्षांनी, ऑगस्ट २०२३ मध्ये व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू व्हाव्यात, अशी नियमांची रचना आहे.

या कायद्यातल्या कामाच्या गोष्टी चार. एक, कोणती माहिती आणि कशासाठी घेता हे साध्या भाषेत सांगून संमती घ्यायची. ती सूचना मराठीतही मागता येते. दोन, कामापुरतीच माहिती. डॉक्टरी सल्ल्याच्या अॅपने नंबरांची यादी मागितली आणि माणसाने हो म्हटले, तरी यादीपुरती ती संमती धरायची नाही, असे उदाहरण कायद्यातच दिले आहे. तीन, दिलेली संमती परत घेता येते, आणि परत घेणे हे देण्याइतकेच सोपे असले पाहिजे. चार, माझी कोणती माहिती तुमच्याकडे आहे आणि कोणाला दिली, हे विचारता येते. चूक असेल तर दुरुस्त आणि काम संपले असेल तर पुसून मागता येते. आधी कंपनीकडे तक्रार, तिथे दाद लागली नाही तर मंडळाकडे.

कायद्यातली खोटही सांगितली पाहिजे. माहिती नीट सांभाळली नाही तर कंपनीला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण तो दंड जातो सरकारच्या तिजोरीत. ज्याची माहिती फुटली, त्याला या कायद्यात भरपाईचा पैसा नाही. पीक माझे गेले आणि पंचनाम्याचा पैसा दुसऱ्याने नेला, त्यातलाच हा प्रकार. उलट, खोटी किंवा बिनबुडाची तक्रार केली तर तक्रारदाराला दहा हजारांपर्यंत दंडाची तरतूद आहे. आणि अनुदान, दाखले, परवाने देताना सरकारला काही अटींवर पुन्हा संमती न घेताही माहिती वापरता येते. म्हणजे सर्वांत मोठ्या वहीवरचे कुलूप सर्वांत सैल.

मग करायचे काय? फोन विहिरीत टाकून चालणार नाही. मी पाच गोष्टी सुचवतो. माहिती मागणाऱ्याला आधी विचारा, कशासाठी हवी आणि न दिल्यास काय अडते? दुकानात पक्के बिल नावावर घ्याच, पण बक्षिसाच्या अॅपचा आग्रह मोडून काढा. अॅपने ठिकाण, नंबर, संदेश मागितले तर आधी नाही म्हणा. काम अडले तरच पुन्हा विचार करा. ओटीपी कोणालाही सांगू नका, समोरचा कितीही ओळखीचे बोलला तरी. आणि पाचवी गोष्ट, छाटणीची तारीख, चाळीतला साठा आणि कर्जाचा आकडा या तीन गोष्टी फुकट द्यायच्या नाहीत. द्यायच्याच असतील तर गटाने द्या, अटी ठरवून, बदल्यात काय मिळते ते लिहून घेऊन. एकट्या शेतकऱ्याच्या तारखेला किंमत नाही, तालुक्याच्या तारखांना आहे. म्हणून सौदाही तालुक्याने केला पाहिजे.

शेवटी घरचे. आपल्या शेतकरी कंपन्या, आपल्या सोसायट्या, आपले बागायतदार गट सभासदांची माहिती कशी ठेवतात? कुठल्या तरी पोराच्या फोनमध्ये यादी असते आणि कोणी मागितली की पुढे पाठवली जाते. दुसऱ्याला जाब विचारायचा तर आधी आपले अंगण झाडले पाहिजे. आज दारात तुम्ही हजेरीच्या कागदावर नाव, गाव आणि मोबाईल नंबर लिहिला. कोणी विचारले का, हा नंबर कशाला? कोणीही विचारले नाही, मी दारातच उभा होतो. तेव्हा मीच सांगतो. पुढच्या बैठकीचा निरोप देण्यासाठी तो नंबर घेतला आहे. यादी तालुका कार्यकर्त्याच्या कपाटात राहील, कोणत्याही कंपनीला, पक्षाला किंवा उमेदवाराला दिली जाणार नाही. ज्याला हे मान्य नसेल त्याने जाताना आपला नंबर खोडावा. पेन टेबलावर ठेवले आहे.