डॉक्टर कुणाला म्हणायचं?

(स्त्री-आरोग्य शिबिराच्या समारोपाला केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

आत्ता ताईंनी माझी ओळख करून देताना मला 'डॉक्टरबाई' म्हटलं. मी तेव्हाच हात वर केला होता, पण टाळ्यांमध्ये त्यांचं लक्ष गेलं नाही. तेव्हा सुरुवात तिथूनच करते. मी डॉक्टर नाही. मी नर्स आहे. सरकारी भाषेत ए.एन.एम. दहावीनंतर दीड वर्षाचं प्रशिक्षण घेतलं आणि ३१ वर्षं उपकेंद्रात नोकरी केली. त्यातली बरीचशी वर्षं जुन्नर तालुक्याच्या पश्चिमेकडच्या डोंगरपट्ट्यात गेली.

त्या गावांमध्ये मला सगळे डॉक्टरीणबाईच म्हणायचे. जी सुई टोचते, गोळ्या देते, बाळंतपण करते, ती डॉक्टरीण. सुरुवातीला मी दुरुस्त करायची, "अहो, मी नर्स आहे." लोक हसायचे आणि पुन्हा तेच म्हणायचे. मग मी दुरुस्त करायचं सोडलं. खरं सांगायचं तर मला ते आवडायला लागलं. प्राथमिक आरोग्य केंद्रात मीटिंगला गेलं की शिपायासकट सगळे 'ए सिस्टर' म्हणून हाक मारायचे. बसायला खुर्ची मिळेलच असं नसायचं. आणि गावात आलं की कट्ट्यावरची म्हातारी माणसं उठून जागा द्यायची. हा मान कुणाला नको असतो?

या मानाची किंमत दुसऱ्याच बाईनं मोजली. ती हकीकत सांगते. तिचं नाव सांगत नाही.

साल १९८९. पहिलटकरीण, आठवा महिना लागलेला. तपासणीला आली ती पायांवर सूज, चेहऱ्यावर सूज, डोकं दुखतंय म्हणत. रक्तदाब बघितला, १५० वर १००. परीक्षानळीत लघवी घेऊन स्पिरिटच्या दिव्यावर तापवली, तर वर पांढरा गढूळ थर धरला. ॲसिटिक ॲसिडचे थेंब टाकले तरी तो गेला नाही. म्हणजे लघवीतून प्रथिनं जात होती. आम्हाला प्रशिक्षणात हे घोकून घोकून शिकवलेलं. ही लक्षणं एकत्र दिसली की बाई थेट डॉक्टरकडे पाठवायची, थांबायचं नाही.

मी सासूला सांगितलं, "उद्याच्या उद्या हिला ग्रामीण रुग्णालयात न्या." सासू म्हणाली, "डॉक्टरीणबाई, तुमी हायेत ना हितं. मंग तालुक्याला कशापायी न्यायची? तुमीच द्या काय द्यायचं ते."

त्या क्षणी मला एकच वाक्य बोलायचं होतं. "मी डॉक्टर नाही, हे माझ्या हातातलं काम नाही." ते मी बोलले नाही. भात कापणीचे दिवस होते, घरातलं एक माणूस मोडणं त्यांना परवडणारं नव्हतं, हे मला दिसत होतं. पण मुख्य कारण ते नव्हतं. बाहेर ओटीवर आठ-दहा बाया बसलेल्या होत्या. त्यांच्यादेखत 'मला हे येत नाही' असं म्हणायला माझी जीभ रेटली नाही. मी म्हटलं, "बरं, मीठ कमी करा, डाव्या कुशीवर झोपवा. मी दोन दिवसांनी येऊन बघते. पण न्यायला मात्र पाहिजे हं."

'पण न्यायला पाहिजे' हे शेपटीसारखं मागे जोडलेलं वाक्य कोण ऐकतं? दुसऱ्या दिवशी अशक्तपणा वाटतोय म्हणून त्यांनी आणखी एका 'डॉक्टर'ला बोलावलं. हा गृहस्थ शहरात कुठल्या तरी दवाखान्यात कंपाउंडर होता. आता मोटारसायकलवरून गावोगाव फिरून सुया टोचायचा, सलाईन लावायचा. त्याचं शिक्षण काय, हे कधी कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही. त्यानं त्या सुजलेल्या बाईला दोन सलाईन लावले. तिसऱ्या रात्री तिला झटके सुरू झाले. दुधाच्या गाडीत घालून आम्ही तिला नेलं. ती वाचली. पोटातलं मूल गेलं.

महिन्याभरानं मी घरी भेटायला गेले. ती चुलीपुढं बसली होती. मला म्हणाली, "बाई, तुमी डॉक्टर असून तुमाला कसं कळलं नाही?"

मैत्रिणींनो, मला कळलं होतं. परीक्षानळीत मी डोळ्यांनी पाहिलं होतं. नर्स म्हणून मला जे कळायला हवं ते सगळं कळलं होतं. डॉक्टर म्हणवून घेतल्यामुळे ते मला ठामपणे सांगता आलं नाही. त्यानंतर मी उपकेंद्राच्या दारावर खडूनं लिहिलं, 'इथे नर्स आहे. डॉक्टर नाही.' खाली दोन याद्या लिहिल्या. इथे काय होतं आणि कशासाठी पुढे जावं लागेल. वाचता न येणाऱ्यांना तोंडानं सांगायला लागले. माझा मान कमी झाला का? थोडे दिवस झाला. पण मी 'आता न्या' म्हटलं की लोक न्यायला लागले.

आता तुम्ही म्हणाल, मग प्रश्न सोपा आहे. ज्यांच्याकडे एम.बी.बी.एस. आहे त्यांनीच डॉक्टर म्हणवून घ्यावं, बाकीच्यांनी नाही. मलाही बरीच वर्षं असंच वाटत होतं. पण ही पदवी कुणी कुणाला दिली आणि कुणाला नाकारली, हे वाचत गेले तसं ते इतकं सोपं राहिलं नाही.

एक तर हा शब्द मुळात वैद्यकाचा नाहीच. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ शिकवणारा. युरोपातल्या विद्यापीठांत धर्मशास्त्राचे आणि कायद्याचे पंडितही डॉक्टर होते. म्हणून आपली पीएच.डी. झालेली मैत्रीण नावामागे डॉक्टर लावते तेव्हा ती कुणाची उसनवारी करत नाही. तरी तिला विचारतातच, 'म्हणजे खऱ्या डॉक्टर नाही का तुम्ही?' पुरुष प्राध्यापकाला हा प्रश्न किती वेळा विचारला जातो, ते एकदा मोजून बघा.

दुसरं, बायकांना हा शब्द कुणी आपणहून दिलेला नाही. एडिथ पीची आणि तिच्या मैत्रिणी १८६९ मध्ये एडिंबराच्या विद्यापीठात वैद्यक शिकायला गेल्या. दुसऱ्या वर्षी परीक्षेच्या दारात त्यांच्यावर चिखल फेकला गेला. शेवटी विद्यापीठानं पदवी दिलीच नाही. एडिथ पीचीनं ती स्वित्झर्लंडमध्ये बर्नला जाऊन मिळवली आणि १८८३ मध्ये ती आपल्या मुंबईला आली, कामा हॉस्पिटलच्या कामासाठी. आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये फिलाडेल्फियाहून एम.डी. झाल्या आणि पुढच्याच वर्षी, वयाच्या बाविसाव्या वर्षात, गेल्या. प्रॅक्टिस करायला त्यांना आयुष्यच उरलं नाही. रखमाबाईंनी लहानपणी लावून दिलेल्या लग्नातल्या नवऱ्याकडे नांदायला जायचं नाकारलं, तेव्हा १८८७ मध्ये कोर्टानं सांगितलं, नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. त्या तुरुंगात जायला तयार झाल्या. पुढे लंडनला शिकून १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या आणि सुरत, राजकोटला आयुष्यभर बायकांची सेवा केली. या बायकांसाठी 'डॉक्टर' ही तीन अक्षरं शोभेची नव्हती. नवऱ्याच्या नावावाचून जगायची ती वाट होती.

आणि आजही आपण काय करतो? डॉक्टरच्या बायकोला डॉक्टरीणबाई म्हणतो, मग ती काहीही शिकलेली असो. आणि स्वतः शिकलेली तरुण मुलगी पांढरा कोट घालून वॉर्डात आली की तिला 'सिस्टर' म्हणून हाक मारतो आणि तिच्यामागच्या वॉर्डबॉयला 'डॉक्टरसाहेब'. म्हणजे या शब्दाला लिंग आहे. जातही आहे आणि वर्गही आहे.

तिसरं, डॉक्टरांच्या संघटनाही हा शब्द नेहमी फक्त रुग्णाच्या भल्यासाठी जपतात असं नाही. इंग्रजांच्या काळात मेडिकल स्कूलमधून कमी मुदतीचा अभ्यासक्रम करून लायसेन्शिएट डॉक्टर तयार होत. १९३३ च्या मेडिकल कौन्सिल कायद्यानं त्यांना अखिल भारतीय नोंदणीबाहेर ठेवलं. १९४६ मध्ये भोर समितीच्या बहुमतानं तो अभ्यासक्रमच बंद करण्याचा सल्ला दिला. दर्जा वाढावा हा हेतू होता, पण खेड्यापर्यंत पोचू शकणारी एक पायरी त्यात नाहीशी झाली. हल्लीचं उदाहरण घ्या. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानं पत्र काढलं, की फिजिओथेरपिस्टनी नावामागे डॉक्टर लावू नये. दुसऱ्याच दिवशी ते मागे घेतलं. त्याच सुमारास आपल्या राज्यात सी.सी.एम.पी. हा एक वर्षाचा अभ्यासक्रम केलेल्या होमिओपॅथांच्या नोंदणीवरून ॲलोपॅथीचे डॉक्टर संपावर गेले. दोन्ही बाजूंची निवेदनं मी वाचली. त्यांत मान होता, हक्क होता, अभ्यासाचे तास होते. पण समोर बसलेल्या बाईला काय कळायला हवं, हे मला फारसं दिसलं नाही.

पूनम वर्मा या बाईंनी लढलेला खटला मला म्हणून महत्त्वाचा वाटतो. त्यांच्या नवऱ्याला होमिओपॅथीची पदविका असलेल्या डॉक्टरनं तापावर ॲलोपॅथीची औषधं दिली. नवरा गेला. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की जी उपचारपद्धती शिकलेली नाही ती वापरणं हाच निष्काळजीपणा आहे, आणि तीन लाखांची भरपाई द्यायला लावली. न्यायालयानं होमिओपॅथला डॉक्टर म्हणू नका असं म्हटलं नाही. तुम्ही कशाचे डॉक्टर आहात, हे ओळखून वागा, असं म्हटलं. पुढे २०१४ मध्ये आपल्या राज्यानं कायदा बदलून सी.सी.एम.पी. केलेल्यांना मर्यादित मुभा दिली. ती बरोबर की चूक यावर वाद होईल, व्हावा. पण 'कशाचे डॉक्टर' हा प्रश्न कुठल्याही कायद्यानं पुसला जात नाही.

इथे एक मैत्रीण मला काल म्हणाली, "तुमचं ठीक आहे. पण आमच्या पाड्यावर दुसरं कुणी येतच नाही. त्या सुईवाल्यालाही हाकलायचं तर आम्ही जायचं कुठे?" तिचा राग खरा आहे. पण मी तिला माझाच अनुभव सांगितला. मला डॉक्टर म्हणून गाव समाधानी होतं, तोवर आरोग्य केंद्रातली डॉक्टरची रिकामी जागा भरा म्हणून कुणी अर्जही केला नाही. माझ्या खोट्या नावानं ती जागा झाकून टाकली होती. दारावर 'डॉक्टर नाही' लिहिलं, त्यानंतर ग्रामपंचायतीत पहिल्यांदा प्रश्न निघाला, का नाही?

आणि डॉक्टर नसणं म्हणजे काही न येणं नव्हे. जामखेडला १९७० पासून आरोळे दांपत्यानं निरक्षर, बऱ्याचशा दलित बायांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. गडचिरोलीत राणी आणि अभय बंग यांच्या 'सर्च'नं गावातल्या बायांना नवजात बाळांचा न्यूमोनिया आणि जंतुसंसर्ग ओळखायला, इंजेक्शन द्यायला शिकवलं. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं, की तिथले नवजात बालमृत्यू निम्म्याहून जास्त घटले. त्या बायांना डॉक्टर म्हणवून घ्यावं लागलं नाही. त्यांना नेमकं काय येतं, हे गावाला ठाऊक होतं, आणि त्यांच्या पाठीशी डॉक्टर उभे होते.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. डॉक्टर हा शब्द ज्यांनी शिकून मिळवला त्यांनी तो लावावा, पण पुढे कशाचा ते लिहावं आणि तोंडानं सांगावं. आयुर्वेद, होमिओपॅथी, दंतवैद्यक, फिजिओथेरपी, पीएच.डी., जे असेल ते. ज्यानं काहीच मिळवलेलं नाही त्यानं तो लावला तर ती फसवणूक आहे, आणि आपण ती चालवून घेतो हीही आपली चूक आहे. या शब्दावर डॉक्टराचा हक्क नंतर येतो. आधी रुग्ण बाईचा, आपण कुणाच्या हातात जीव देतोय हे कळण्याचा हक्क येतो.

घरी गेल्यावर एवढं करा. दवाखान्यात गेलात की भिंतीवर नोंदणी क्रमांक शोधा. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार ॲलोपॅथीच्या डॉक्टरनं तो दवाखान्यात आणि चिठ्ठीवरही लिहायचा असतो. नसेल तर तीन प्रश्न विचारा. तुम्ही काय शिकलात? हे औषध तुमच्या शिक्षणातलं आहे का? हे तुमच्या हाताबाहेरचं झालं तर मला कुठे पाठवाल? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर जो चटकन देतो, त्याच्याकडे बिनधास्त जा. जो चिडतो, त्याच्याकडून उठून या.

त्या बाईला पुढे दोन मुलं झाली. दोन्ही वेळा ती सातव्या महिन्यातच मला येऊन म्हणाली, "सिस्टर, चिठ्ठी द्या, तालुक्याला जाते." तिनं मला सिस्टर म्हटलं. मी चिठ्ठी लिहिली, खाली सही केली आणि सहीखाली लिहिलं, ए.एन.एम.